घरी नसलेल्यांची ओळ

त्या मंगळवारी मिरी कामावरून तासभर लवकर सुटली, नाहीतर तिला हे कळायला आणखी कितीतरी दिवस लागले असते. दवाखान्यातलं पाणी गेलं होतं, आणि पाण्याशिवाय प्लॅस्टर कालवता येत नाही. तिचं काम कवळ्या बनवण्याचं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे ती दिवसभर लोकांच्या हिरड्यांचे साचे ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासून चकचकीत करायची. 'मिरी' हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती दिसायला एवढीशी आणि जिभेला तिखट, म्हणून आईने ठेवलेलं. चाळिशी जवळ आली तरी सुटलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर येऊन तिने पिशवीतून किल्ली काढली, तेवढ्यात दाराआडून आवाज आले. एक म्हाताऱ्याचा, एक लहान मुलीचा. दोघं एकदम म्हणत होती.

"देवा, आजचा दिवस दिलास, पुरला. चुकलं ते तू पाहिलंस, उरलं ते तू सांभाळ. आजारी आहेत त्यांच्याजवळ बस. आणि जे घरी नाहीत, त्यांनाही घरातच मोज."

किल्ली तिच्या हातात तशीच राहिली. ही तिच्या आईची प्रार्थना होती. कुठल्या पुस्तकातली नाही, कुणाकडून ऐकलेली नाही. आईने स्वतःच्या डोक्याने जुळवलेली. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की आई तिला शेजारी बसवून घ्यायची आणि या चार ओळी दोघी म्हणायच्या. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मिरीने तर त्याच्याही कितीतरी आधी ते सोडून दिलं होतं. आणि आता तिच्याच घरात, तिच्याच मुलीला ती प्रार्थना कोण शिकवत होतं, तर मिरीचा बाप.

बाप रंगारी होता. दुसऱ्यांची घरं रंगवण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या घराला पाठ दाखवण्यात. काम लांबच्या गावाला आहे म्हणून जायचा, आठ दिवसांचं सांगून दोन महिने यायचा नाही. यायचा तेव्हा टर्पेंटाइनचा वास आणि दारूचा वास यांतला कुठला जास्त, एवढाच प्रश्न असायचा. आई सोळा दिवस इस्पितळात होती. त्या सोळा दिवसांत तो एकदाही फिरकला नाही. अंत्यविधी झाल्यावर तिसऱ्या दिवशी उगवला, तोही धड उभा राहता येत नव्हतं असा, आणि दारातच विचारता झाला, "खायला काय आहे?"

मिरी ते विसरली नव्हती. मागच्या वर्षी तो शिडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्याला घरी आणायची भाषा तिच्या नवऱ्याने काढली, तिने नाही. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मनुष्य सरळ. "तुझा बाप आहे," म्हणाला, "आणि खोली रिकामी आहे. कपड्यांच्या इस्त्रीला खोली कशाला लागते?" म्हातारा आला तेव्हा त्याने पिणं सोडून दोन वर्षं झाली होती, असं तोच सांगायचा. आणि आला तो देवाला घेऊनच आला. उठता-बसता देव. मिरीने त्याकडे लक्ष दिलं नाही. म्हातारपणी सगळेच देवाकडे वळतात, दुसरं कुणी दारात उभं करत नाही म्हणून, असं ती मनात म्हणायची.

पण आईची प्रार्थना त्याच्या तोंडी? आई ती म्हणत असताना हा कधी घरात होता?

तिने दार उघडलं. नऊ वर्षांची मुलगी आजोबांच्या पलंगाच्या कडेला पाय हलवत बसली होती. दोन वर्षांची असताना तिने आपल्या बाबांच्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून घरात तिचं नाव बटण.

"आई, लवकर?" बटण म्हणाली. "आम्ही देवाशी बोलत होतो. तुला येते का ही प्रार्थना?"

"नाही," मिरी म्हणाली, आणि पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली.

बापाने मान वर केली नाही.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. आधी जे दिसत नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. बटण शाळेतून आली की दप्तर टाकते ते आजोबांच्या खोलीत. पावाचा मऊ भाग काढून आजोबांना ठेवते, कारण त्यांना दात नाहीत. रात्रीची भीती वाटली, वर्गात कुणी टाकून बोललं, पहिला नंबर आला, हरवलेला कंपास सापडला, सगळं आधी आजोबांना सांगून होतं आणि आईच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं, तेही "सांगितलं ना आजोबांना" अशा तोंडाने. आणि तो ऐकतो. मान तिरपी करून, डोळे बारीक करून, जगात दुसरं काही नाही असं ऐकतो. मिरीला तो तिरप्या मानेचा माणूस आठवेना. तिच्या लहानपणी त्या मानेला तिच्याकडे वळायला फुरसतच नव्हती. नऊ वर्षांची असताना तिनेही पहिला नंबर आणला होता, तीही अंधाराला घाबरायची. तिच्या वाट्याला रिकामी खुर्ची आली होती आणि हिच्या वाट्याला आयता आजोबा.

स्वतःच्या पोटच्या मुलीचा हेवा वाटतो हे कुणाला सांगणार? तिने स्वतःलाही सांगितलं नाही. नवऱ्याने ओळखलं.

"तुझ्या पोटात दुखतंय," तो एकदा जेवताना म्हणाला.

"माझ्या कशाला दुखेल?"

"ती हसली की तुझं तोंड पडतं. मी बघतो ना. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की असंच होतं, आतल्या माणसाला वाटतं बाहेर कुणाला कळत नाही."

"तू तुझ्या लिफ्टा बघ," मिरी म्हणाली.

एका रविवारी तिने ठरवलं की आपणच शिकवायचं. आई तिची होती, प्रार्थनाही तिचीच. बटणला जवळ बसवून ती म्हणाली, "चल, आज आपण दोघी म्हणू. मला येते ती. आठवली." पहिल्या तीन ओळी नीट गेल्या. चौथीला तिची जीभ अडली. ओळ आठवत होती, अक्षर न् अक्षर. पण ती कधीच तिच्या तोंडून गेली नव्हती. लहानपणी आई "जे घरी नाहीत" म्हणू लागली की मिरी ओठ मिटायची. घरी नसणारा एकच होता, आणि त्याला घरात मोजायची तिची तयारी नव्हती. आई डोळे मिटून असायची, तिला कळलं नसावं. देवाला कळलं असेल तर कळो.

"आई, पुढे?" बटण म्हणाली.

"एवढीच आहे."

"नाही, अजून आहे. आजोबा म्हणतात ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. थांब, मी शिकवते तुला."

मिरी उठली. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणाली. काही ठेवलेलं नव्हतं.

मग तिच्या मनात क्षुद्रपणा साचत गेला, रोज थोडा थोडा. बापाची जुनी कवळी पडण्यात मोडली होती आणि नवी बनवून द्यायची ती तिनेच. गावातल्या शंभर म्हाताऱ्यांना तिने दात दिले होते. बापाला मात्र चार महिने सांगत राहिली, "हिरड्या अजून बसल्या नाहीत, थांबा." हिरड्या कधीच्या बसल्या होत्या. दातांशिवाय तो प्रार्थना म्हणायचा तेव्हा शब्द निसटायचे, 'दिवस'मधला 'स' नुसती हवा व्हायचा, आणि दाराबाहेर उभी राहून ते ऐकताना तिला बरं वाटायचं. याची लाज तिला पुढे फार वाटली, पण तेव्हा वाटली नाही.

एके दुपारी सुट्टी होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बटण मोजे जोडीने लावत होती. मोजे लावता लावता बटण म्हणाली, "आजोबा सांगतात, आपण देवाला सोडून गेलो तरी देव आपल्याला सोडून जात नाही."

"देव जात नसेल," मिरी म्हणाली. "आजोबा जातात."

"कुठे?"

आणि मग मिरीने सांगितलं. थांबता आलं असतं, थांबली नाही. आजीचे सोळा दिवस सांगितले. आजी शेवटी दाराकडे बघत होती ते सांगितलं. तिसऱ्या दिवशीचं "खायला काय आहे" सांगितलं. आपल्या वाढदिवसाला तो येणार म्हणून आपण जिन्यात बसून राहिलो होतो, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्याला उचलून आत नेलं होतं, तेही सांगितलं. आवाज चढवला नाही. एकेक कपडा घडी करत, शांतपणे, जसे मेणात दात बसवायची तसे एकेक शब्द बसवत गेली. बटणच्या हातात एक मोजा होता तो तिने तसाच धरून ठेवला.

"तुला हे माहीत असायला हवं," मिरी शेवटी म्हणाली. ते खोटं होतं, हे तिला म्हणतानाच कळलं.

त्या संध्याकाळी बटण आजोबांच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. मिरी स्वयंपाकघरातून ऐकत होती.

"आजोबा, आजी आजारी होती तेव्हा तुम्ही आला नाहीत?"

आतून पलंग करकरला.

"नाही आलो," म्हातारा म्हणाला.

"दारू पीत होतात?"

"हो."

"आई म्हणते ते सगळं खरं आहे?"

"तिने काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण खरंच असणार. थोडं कमीच सांगितलं असेल."

बटण आपल्या जागी येऊन बसली आणि वहीत नकाशा रंगवू लागली. प्रार्थना झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मिरीला हवं होतं ते मिळालं होतं. मुलगी तिच्या भोवती होती, पण मुकी. विचारलं तर उत्तर द्यायची, स्वतःहून काही सांगायची नाही. आजोबांना नाही आणि आईलाही नाही.

चौथ्या दिवशी म्हातारा काठी घेऊन खाली गेला. चार वाजता त्याला खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने वर आणून सोडलं. दार बटणने उघडलं. मिरी सहाला घरी आली तेव्हा घरात वास भरला होता, तोच जुना, फक्त टर्पेंटाइन वजा झालेलं. बाप न्हाणीघराच्या दारात भिंतीला टेकून झोपला होता, शर्ट ओकारीने माखलेला. त्याच्यापासून दोन हातांवर स्टूल घेऊन बटण बसली होती. मांडीवर वही, पण वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

"आजोबा पडू नयेत म्हणून बसले," ती म्हणाली.

मिरीने त्याचा शर्ट काढला, अंग पुसलं, फरशी धुतली. अशी फरशी तिची आई धुवायची. एक क्षण तिच्या मनात आलंच, बघ, मी सांगत होते ना. पण त्या म्हणण्यात चव नव्हती. नवरा आला, दोघांनी मिळून म्हाताऱ्याला पलंगावर नेऊन टाकलं.

"हे माझ्यामुळे झालं का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बाटली तू तोंडाला लावली नाहीस," तो म्हणाला.

"पण?"

"पण काही नाही. हात धू. वास येतोय."

ती हात धुऊन आली तर बटण आजोबांच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. म्हातारा घोरत होता.

"आई, इकडे बस," बटण म्हणाली. "आज मला म्हणायची आहे. एकटीला नाही येत. दोघं लागतात."

मिरी बसली. पहिल्या तीन ओळी दोघींनी म्हटल्या. मग बटण थांबली.

"आजोबा आत्ता घरी आहेत की नाहीत?"

मिरीने पलंगाकडे पाहिलं. तोंड उघडं, गाल आत गेलेले, एक हात पलंगाबाहेर लोंबतोय. एवढी वर्षं तिला हाच प्रश्न पडला होता, आणि तो इतक्या सोप्या शब्दांत विचारता येतो हे तिला माहीत नव्हतं.

"नाहीत," ती म्हणाली.

"मग त्यांना मोजायचं ना?"

बटणने जरा वाट पाहिली आणि चौथी ओळ एकटीनेच म्हणून टाकली, घाईने, जशी मुलं औषध घेतात.

शुद्धीवर आल्यावर म्हातारा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे पिशवीत भरून बसला. "म्हाताऱ्यांसाठी जागा असतात," म्हणाला. "मला तिकडे सोड. पोरीसमोर मी राहू नये."

"जायचं तर दात घेऊन जा," मिरी म्हणाली. "बिनदाताचा पाठवला तर लोक मला काय म्हणतील."

त्याच दुपारी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "तुझ्याच वडिलांचं माप तूच घे, मला का मधे घेतेस. मी पलीकडच्या खोलीत आहे." तिने बापाला खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, रबरी वाटीत गुलाबी भुकटी पाण्यात कालवली. तिचा लगदा होतो, तो ट्रेमध्ये भरून तोंडात दाबायचा आणि घट्ट होईपर्यंत धरून ठेवायचा. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही, गिळताही येत नाही.

तिने ट्रे वरच्या हिरडीवर दाबला, दोन बोटांनी धरला आणि बोलू लागली. ठरवून नाही. त्याला उत्तर देता येणार नाही हे तिच्या लक्षात आलं आणि बांध फुटला.

"ती प्रार्थना माझ्या आईची आहे. तुमची नाही. तुम्ही कधी बसला नाहीत आमच्याजवळ. मी रोज बसायचे. मी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे आणि तुम्ही यायचा नाहीत, आणि आता माझ्या मुलीला तुम्ही जवळ घेऊन बसता आणि देव कसा आहे ते सांगता. मला का नाही सांगितलंत? मी काय वाईट होते? माझ्यापेक्षा तिच्यात काय जास्त आहे? आणि देव तरी कसा. मी दारू प्यायले नाही, कुणाला टाकून गेले नाही, आजारी माणसाची उशाशी बसून सेवा केली. मला त्याचा आवाज कधी ऐकू आला नाही. तुम्हाला येतो. तुमच्यासारख्याला येतो."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. ते दुःखाचं की तोंडातल्या लगद्याचं हे तिला कळेना. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत त्या मापाने पाणी येतं. तिने ट्रे हलवून पाहिला. घट्ट झाला होता. तो काढला, त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. त्याने चूळ भरली. हनुवटीवरचे गुलाबी कण नखाने काढत बसला.

"तुमच्या घराबाहेर जिना होता ना," तो मग म्हणाला. "आपल्या जुन्या घराबाहेर."

"हो."

"कामावरून यायचो. प्यायलेला असायचो. वरच्या पायरीवर आलो की आतून तुम्हा दोघींचा आवाज यायचा. तसल्या तोंडाने देवासमोर कसा जाऊ म्हणून बाहेरच बसायचो. तुमचं संपलं की उठायचो. कधी आत यायचो, कधी उठून परत खाली जायचो. तिथे पाठ झाली. कुणी शिकवली नाही मला. तू आणि तुझी आई, तुम्ही दोघींनीच शिकवली म्हण."

मिरी वाटीतला उरलेला लगदा सुरीने खरवडत राहिली.

"तीन ओळींना दोन आवाज असायचे," म्हातारा म्हणाला. "चौथीला एकच."

तिचे हात थांबले.

"पहिल्यांदा वाटलं, तू विसरतेस. मग कळलं. दर वेळी तिथेच थांबायचीस. मी मनात म्हणायचो, बरोबर आहे पोरीचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मग. बापाला पोरीचा आवाज कळत नाही का? बाकी काही कळत नव्हतं मला, तेवढं कळायचं."

पलीकडच्या खोलीत डॉक्टर कुणाला तरी 'आ करा' म्हणत होते.

"मी नऊ वेळा देवाची शपथ घेतली," म्हातारा म्हणाला. "सोडतो म्हणून. परवाची धरून दहा वेळा मोडली."

"शपथा नऊ आणि मोडल्या दहा?"

"एक आगाऊच मोडून ठेवली होती." तो हसला नाही, पण तिला हसू येता येता राहिलं. "त्याने हिशेब ठेवला असता तर मी कधीच संपलो होतो. तो ठेवत नाही, एवढंच मला कळलंय. त्याचा आवाज-बिवाज मलाही येत नाही, मिरे. मी पोरीला कधी सांगितलं नाही की येतो. मी एवढंच सांगतो की मी दहादा निघून गेलो आणि दहाही वेळा परत आलो तेव्हा तो होता तिथेच होता. तुझी आई होती तशी. आता आई नाही. तो आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?" तिचा आवाज अगदी लहान झाला होता. तिला स्वतःला तो ओळखू आला नाही.

"तुला द्यायचं होतं तेव्हा माझ्याजवळ नव्हतं," तो म्हणाला. "माझ्याजवळ आलं तेव्हा तू माझ्या हातून काही घेशील असं राहिलं नव्हतं. मग पोर समोर आली. तिने हात पुढे केला, मी दिलं. तुझं तिला दिलं म्हणतेस, तर दिलं. माझी चूक आहे. पण ते माझं नव्हतंच, तुझ्या घरातूनच उचललेलं होतं."

मिरीला त्याला माफ केल्यासारखं वाटलं नाही. राग होता तिथेच होता. पण इतकी वर्षं ज्या ओळीला ती गप्प बसली होती, तो गप्पपणा कुणीतरी दाराबाहेर बसून ऐकत होतं, गावात असेल तेव्हा रोज ऐकत होतं, हे तिला नवीन होतं. आणि बापाने ऐकला तर देवाने ऐकला नसेल का? ऐकूनही त्याने तिला वगळलं नव्हतं. चांगला नवरा दिला, मूल दिलं, हातात कसब दिलं. हे तिने कधी त्याच्या नावावर धरलंच नव्हतं. मला काय मिळालं नाही एवढंच बघत राहिली होती.

"खालचं माप राहिलंय," ती म्हणाली. "आ करा."

खालचा ट्रे धरून असताना ती काहीच बोलली नाही. तिचा दुसरा हात त्याच्या डोक्यामागे होता. असा तो नेहमीच ठेवावा लागतो, नाहीतर माणूस मागे सरकतो. पण माप घट्ट झाल्यावरही तिने तो थोडा वेळ काढला नाही.

कवळी तिने सहा दिवसांत केली. नेहमी दहा लागतात. मेणातले दात लावून पाहायला आला तेव्हा तो आरशात बघून म्हणाला, "हे फार पांढरे आहेत, मी लबाड दिसतोय," म्हणून तिने ते बदलून जरा पिवळट बसवले. पिशवीतले कपडे त्याने परत कपाटात ठेवले. कुणी ठेव म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

बटण लगेच पहिल्यासारखी झाली नाही. महिनाभर ती आजोबांच्या खोलीत जायची पण लांब बसायची. एक दिवस तिने विचारलं, "तुम्ही परत पिणार?" तो म्हणाला, "आज नाही. उद्याचं मला माहीत नाही, उद्या विचार." मग ती रोज विचारू लागली. त्या वर्षात एकदा तो परत घसरला. त्यानंतर नाही. मिरी कधी कधी संध्याकाळी त्यांच्यात जाऊन बसायची. चौथी ओळ तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाली तेव्हा नवरा कामावरून घरी यायचा होता, म्हणून तिने त्याच्यासाठी म्हणून ती म्हटली. बापाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि परत मिटले. हेवा मात्र पुरता गेला नाही. दोघं कुजबुजताना दिसली की तिला अजूनही टोचायचं. फरक एवढाच की आता ती ते प्रार्थनेतच सांगून टाकायची, "चुकलं ते तू पाहिलंस" या ओळीला.

तेराव्या वर्षी बटणने जाहीर केलं की तिला आता देव वगैरे पटत नाही. मिरी रडकुंडीला आली. म्हातारा आपल्या पिवळट दातांनी हसला. "पोरीला वेळ आहे," म्हणाला. "मला पटायला साठी ओलांडावी लागली." बटण रुसून निघून गेली, पण त्याच्या पायाला तेल लावायला रोज येत राहिली.

तो गेला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. सकाळची वेळ होती, ती तापाने शाळेला गेली नव्हती, मिरी दवाखान्यात आणि नवरा कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टवर. निरोप आल्यावर मिरी धावत आली. शिंप्याच्या बायकोने चादर नीट केली होती, बटण भिंतीला टेकून उभी होती. मिरीने बापाच्या कपाळावर हात ठेवला, अजून ऊब होती, आणि सगळ्यात आधी तिच्या मनात काय आलं तर हेच, की शेवटलंही हिच्याच वाट्याला गेलं.

"काही म्हणाले का?" तिने विचारलं.

"पाणी मागितलं," बटण म्हणाली. "पाजलं. मग विचारलं, मिरी कधी येते. मी म्हटलं, सहाला."

"मग?"

"मग परत विचारलं, मिरी कधी येते."

"दोनदा विचारलं?"

"तीनदा," बटण म्हणाली, आणि आईच्या कुशीत शिरून रडायला लागली.

मिरीने तिला घट्ट धरलं. तिला बरं वाटलं होतं, अशा वेळी बरं वाटू नये इतकं बरं वाटलं होतं, आणि आज तिला त्याची लाज वाटली नाही. थोड्या वेळाने तिने बटणचं नाक पुसलं, तिचा ताप हाताने बघितला आणि नवऱ्याला फोन करायला उठली.